उद्यमशील लक्ष्मणराव किर्लोस्कर : चिकाटीचा एक वस्तुपाठ

आपल्या मंडळाच्या कोणत्याही समारंभास चार वडीलधारी माणसे एकत्र जमली, की बोलण्याचा ओघ फिरून फिरून मुलांच्या भवितव्याकडे वळतो, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला, आता त्यास कोठे चिकटवावे, हा प्रश्न निघतो. आणि चिकटवावे या एका क्रियापदातच आपल्या पांढरपेशा वर्गाची सारी मनोवृत्ती प्रकट होते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेस ठरलेला पगार हाती पडावा आणि उतारवयाची तरतूद असावी, यापलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. एखादा तरुण उद्योगाची भाषा बोलू लागला, तर त्याचे कौतुक होते खरे. परंतु तोच तरुण आपल्या घरातला निघाला, म्हणजे कौतुकाची जागा काळजी घेते. पहिल्या वर्षी धंदा बसला नाही, की हे आपले काम नव्हे असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो.

अशा वेळी कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होईल. त्यांचे नाव न ऐकलेले घर महाराष्ट्रात विरळा. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि त्या नावामागे किती वर्षांचे अपयश उभे आहे हे ठाऊक असणे निराळे. मोठ्या माणसाचे वैभव आपण त्याच्या अखेरच्या दिवसांवरून मोजतो आणि त्याच्या आरंभीच्या दिवसांकडे पाठ फिरवितो. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः त्या आरंभीच्या दिवसांचाच विचार करणार आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावनजीकच्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घराण्यात विद्येचा आदर होता, पण ती विद्या ग्रंथांतली होती. हातोडा आणि कानस यांना तेथे स्थान नव्हते. लक्ष्मणरावांचे चित्त शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रांची जुळणी न्याहाळणे हे त्यांचे दोन छंद होते. ब्राह्मण घरातील मुलाने रंग आणि कुंचला हाती धरून पोट भरावे, ही कल्पना त्या काळी कोणासही पचणारी नव्हती. तरीही १८८५ साली ते मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. या धाडसास त्यांचे वडील बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामुअण्णा यांचे पाठबळ लाभले. या बंधूंचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. कारण पुढे प्रत्येक अडचणीच्या प्रसंगी ते लक्ष्मणरावांच्या मागे उभे असलेले दिसतील.

मुंबईत दोन वर्षे झाली आणि पहिला आघात झाला. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीटसा ओळखू येत नाही, असे आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणास यापेक्षा कठोर निर्णय कोणता असू शकेल? हा दोष परिश्रमाने जाणारा नव्हता. दुसऱ्या कोणी दैवाला दोष देत गावची वाट धरली असती. लक्ष्मणरावांनी रंगांचा नाद सोडला, परंतु रेषांचा सोडला नाही. कलाशाळेत त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांचे रेखाटन आत्मसात केले होते. त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाचे सहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे शिकविण्याचे काम संपले की ते कर्मशाळेत शिरत आणि यंत्रे चालविण्याचे, खोलण्याचे व जुळविण्याचे शिक्षण स्वतःच घेत. कागदावरची रेषा लोखंडात कशी उतरते, हे त्यांना तेथे उमगले.

याच काळात सायकल हे नवे वाहन त्यांच्या दृष्टीस पडले. मुंबईच्या रस्त्यावर ते पाहून अनेकांना कौतुक वाटले असेल. लक्ष्मणरावांना त्यात धंदा दिसला. त्यांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, लोकांना चालविण्यास शिकवावे, मोडतोड झाल्यास दुरुस्त कराव्यात, अशी योजना ठरली. १८८८ साली बेळगावात सुरू झालेले हे लहानसे सायकलचे दुकान हाच किर्लोस्कर बंधू या संस्थेचा उगम होय.

शिक्षकाची नोकरी सन्मानाची होती आणि कदाचित लक्ष्मणराव तीतच रमले असते. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. योग्यता असून केवळ वर्णामुळे मागे राहावे लागणे, ही त्या काळच्या अनेक हिंदी तरुणांची कहाणी होती. बहुतेकांनी तो अपमान गिळला, कारण मागे कुटुंब होते आणि पुढे दुसरी वाट नव्हती. त्यांना आम्ही दोष देत नाही. लक्ष्मणरावांनी मात्र नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. हाती मोठे भांडवल नव्हते. होते ते एक लहान दुकान, भावाचा विश्वास आणि यंत्रविद्येचे ज्ञान.

बेळगावच्या लहानशा कारखान्यात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. जनावरांपुढे अख्खा कडबा टाकला म्हणजे ती पाला खातात आणि ताटे तुडवून वाया घालवितात. तोच बारीक कापून घातला तर चारा पुरवठ्यास येतो. उपयोग उघड होता. अमेरिकेतील यांत्रिक विषयांची मासिके मागवून ती बारकाईने वाचावीत, त्यांतील आकृत्यांवरून कल्पना घ्यावी आणि ती आपल्याकडील गरजेस जुळवून घ्यावी, अशी त्यांची रीत होती. परदेशी वस्तूची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा आपल्या मातीस आणि आपल्या बैलास काय मानवेल, याचा विचार ते अगोदर करीत. त्यानंतर त्यांनी हाती घेतला तो लोखंडी नांगर.

या नांगराची कथा नीट समजावयाची तर शेतीच्या कामाची थोडी माहिती हवी. आपल्या दख्खनच्या काळ्या, भारी जमिनीत चालणारा जुना लाकडी नांगर वजनदार असे. त्याला बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत. एवढे करूनही तो माती चिरीत जाई, ती पालथी करीत नसे. परिणामी हरळी, कुंदा यांसारख्या तणांच्या खोल गेलेल्या मुळ्या जागच्या जागी राहत आणि पाऊस पडला की पुन्हा डोके वर काढीत. लोखंडी नांगराच्या फाळामागे एक पिळदार पत्रा असतो. फाळाने कापलेला मातीचा पट्टा त्यावर चढतो आणि उलटा होऊन पडतो. तणांच्या मुळ्या उघड्यावर येतात, उन्हाने वाळतात, खालची माती वर येते. विलायती बनावटीचे असे नांगर या देशात थोडेफार येत असत, परंतु त्यांची किंमत, आणि एखादा भाग मोडल्यास तो मिळण्याची पंचाईत, यामुळे सामान्य शेतकऱ्यास त्यांचा उपयोग नव्हता. असा नांगर येथेच ओतावा, येथेच दुरुस्त व्हावा आणि शेतकऱ्यास परवडावा, हा लक्ष्मणरावांचा संकल्प होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत नांगर तयार झाले; आणि गिऱ्हाईक फिरकेना. लोखंड जमिनीत गेले की जमिनीस विष बाधते, ती नापीक होते, अशी समजूत शेतकरीवर्गात दृढ होती. तयार नांगर कारखान्यात पडून राहिले. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. दोन वर्षे हे शब्द वाचावयास क्षणभर पुरतो. पण ज्याने घरचा पैसा ओतून माल तयार केला आहे, ज्याला कामगारांची मजुरी चुकवावयाची आहे, आणि ज्याच्या मित्रांना व आप्तांना त्याने सोडलेल्या नोकरीची आठवण पदोपदी होत आहे, त्याच्या दृष्टीने त्या दोन वर्षांतील प्रत्येक दिवस केवढा असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथे एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. शेतकऱ्यांच्या त्या समजुतीस आपण सहज अडाणीपणा म्हणतो. परंतु ज्याच्याजवळ जमिनीखेरीज दुसरे काही नाही, त्याने नव्या वस्तूविषयी शंका धरणे अस्वाभाविक नव्हे. कारखानदाराचा प्रयोग फसला तर लोखंड पुन्हा भट्टीत घालता येते. शेतकऱ्याचा प्रयोग फसला तर त्याच्या घरातील वर्षाची चूल विझते. लक्ष्मणरावांची थोरवी आम्हांस यात दिसते, की गिऱ्हाईक मूर्ख आहे असे मानून ते स्वस्थ बसले नाहीत. शेतावर जाऊन नांगर चालवून दाखवावा, शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, दोष दिसेल तो दुरुस्त करावा, हा क्रम त्यांनी चालू ठेवला. एका हंगामात ज्याच्या शेतात पीक चांगले आले, त्याचे शेत हीच पुढच्या हंगामाची जाहिरात ठरली. लोकांचा विश्वास हळूहळू बसला. आणि एकदा बसल्यावर तो सहजी ढळला नाही.

विक्रीस गती येत होती, तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगाव शहराची वाढ होत होती, आणि ज्या जागेवर कारखाना होता ती नगराच्या विस्तारासाठी रिकामी करण्याचा हुकूम नगरपालिकेकडून आला. भट्टी आणि यंत्रे म्हणजे डोक्यावर घेऊन निघण्याजोगे बिऱ्हाड नव्हे. नवी जागा, नवे बांधकाम आणि तेवढा काळ बंद राहणारे उत्पन्न, हा सारा बोजा एकदम अंगावर पडला. वय चाळीस झालेले. पुन्हा श्रीगणेशा करावयाचा!

या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात यमाईच्या देवालयाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व कलांचे भोक्ते असून त्यांचा लक्ष्मणरावांशी स्नेह होता. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड या रेल्वे स्थानकानजीकची ३२ एकर जमीन लक्ष्मणरावांना मिळाली, आणि १०,००० रुपयांचे कर्जही मिळाले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला उजाड माळ होता आणि त्या निवडुंगात नागांची वस्ती होती. पाण्याची सोय नव्हती. जमेची बाजू एकच, की रेल्वे जवळ होती. कच्चा माल येण्याचा व तयार माल जाण्याचा मार्ग खुला होता.

१० मार्च १९१० हा दिवस किर्लोस्करवाडीच्या स्थापनेचा मानला जातो. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांसमवेत त्या माळावर आली. निवडुंग तोडावा, साप मारावेत, झोपड्या उभाराव्यात आणि त्याच वेळी भट्टीही पेटवावी, असा तो संसार होता. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही त्या माळावर बिऱ्हाड थाटले. अशा चरित्रांत गृहिणीचा उल्लेख एका ओळीत उरकण्याचा प्रघात आहे. परंतु जेथे दुकान नाही, वैद्य नाही आणि शेजार नाही, तेथे लहान मुलांना घेऊन राहणे आणि आल्यागेल्यास जेवू घालणे हे भट्टीपुढे उभे राहण्याइतकेच कष्टाचे काम होते, हे आपल्या भगिनीवर्गास सांगावयास नको. वसाहतीची व्यवस्था, म्हणजे पाणी, स्वच्छता, झाडांची लागवड, रामुअण्णांनी आपल्याकडे घेतली. पाहता पाहता त्या ओसाड माळावर घरे, शाळा आणि बागा उभ्या राहिल्या. भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींत किर्लोस्करवाडीची गणना होते.

माणसे पारखण्याची लक्ष्मणरावांची दृष्टी विलक्षण होती. प्रमाणपत्रांवर त्यांची भिस्त नव्हती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभूराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, हिशेबाचे काम सांभाळणारे मंगेशराव रेगे हे सारे या माळावर घडले. याहून धाडसाची गोष्ट म्हणजे, गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या आणि गावाने दूर लोटलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीच्या राखणीचे काम सोपविले, आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यतेस त्यांनी आपल्या वसाहतीत थारा दिला नाही. ज्या काळात गावोगावी पाणवठे निराळे होते, त्या काळात एका खासगी कारखानदाराने हा निश्चय करावा, ही गोष्ट लहान नव्हे. आपली ही स्मरणिका एका ज्ञातीची आहे. मोठा माणूस दिसला की तो आपला कसा, हे सिद्ध करण्याची हौस अशा ग्रंथांतून पुष्कळदा दिसते. लक्ष्मणरावांच्या बाबतीत तसे करणे त्यांच्या कार्यास शोभणारे नाही. त्यांच्या भट्टीपुढे उभा राहणाऱ्यास जात विचारली जात नसे. काम विचारले जाई.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि त्याची झळ या माळापर्यंत पोहोचली. बाहेरून येणारे लोखंड व भट्टीसाठी लागणारा कोक यांचा पुरवठा आटला. नांगरास मागणी होती, पण ओतावयास धातू नव्हता आणि वितळवावयास इंधन नव्हते. लक्ष्मणरावांनी कोकऐवजी लाकडी कोळशावर लोखंड वितळविण्याचे प्रयोग केले. लोखंडाच्या प्रश्नात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी साहाय्य केले. संस्थानात पडून असलेल्या जुन्या निकामी तोफा त्यांनी नांगरांसाठी देऊ केल्या. एके काळी शत्रूवर रोखलेल्या तोफा वितळून त्यांतून शेतकऱ्याचे नांगर निघावेत, हा योग मोठा अर्थपूर्ण होता. युद्धामुळे परदेशी मालाची आयात थांबली होती. त्या पोकळीत देशी नांगराने बाजारात पाय रोवले. अडचण आली तेव्हा कारखाना बंद न ठेवता ज्याने पर्याय शोधला, त्यासच त्या संधीचा लाभ झाला, हे येथे ध्यानात ठेवावे.

१९२० साली किर्लोस्कर बंधू या संस्थेचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेल्या या पत्रातूनच पुढे किर्लोस्कर हे मासिक नावारूपास आले, आणि स्त्री व मनोहर ही मासिकेही त्याच परिवारातून निघाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ही मासिके येत असत आणि आपल्या आजी-पणजींनी ती वाचली आहेत. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाचकांच्या घरी नवे विचार पोहोचावेत, हा महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील एक अपूर्व प्रसंग होय.

नांगर चालू लागला म्हणून लक्ष्मणराव त्यावर समाधान मानून राहिले नाहीत. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाणी उपसण्याचे पंप असा एकेक माल कारखान्यातून निघू लागला. १९२६ साली त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून यंत्रशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून आले. ज्या पित्याने यंत्रविद्या कर्मशाळेत उभे राहून आणि मासिके चाळून मिळविली, त्याने पुत्रास शास्त्रशुद्ध शिक्षणासाठी सातासमुद्रापलीकडे पाठविले. आपण कष्टाने शिकलो म्हणून मुलानेही तसेच शिकावे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. चिकाटीचा अर्थ त्याच खाचखळग्यांतून पुन्हा चालणे असा नव्हे, हे त्यांना कळले होते.

नव्या पिढीच्या हाती उद्योगाचा विस्तार झपाट्याने झाला. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ तयार करणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा उद्योग सुरू झाला. पंप आणि त्यास जोडलेले इंजिन यांमुळे विहिरीवरील मोटेचे काम करणाऱ्या बैलांची सुटका झाली. ज्या शेतकऱ्याने एके काळी लोखंड जमिनीस विषारी मानले, त्याच्याच नातवाने विहिरीवर लोखंडी इंजिन बसविले आणि त्याच्या धडधडीने शिवार जागे केले.

परंतु दैवाने अखेरपर्यंत परीक्षा पाहिली. १९४८ च्या आरंभी महात्मा गांधींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जी दंगल उसळली, तीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर त्यांनी निवडुंग तोडून पहिली भट्टी पेटविली, तेथेच आपल्या कष्टाची राख पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. त्या दिवसांच्या कडू आठवणी कित्येक कुटुंबांत अद्याप आहेत आणि त्या उगाळण्याचे हे स्थळ नव्हे. सांगावयाचे ते इतकेच, की किर्लोस्करवाडी सोडून जाण्याऐवजी तेथेच कारखाना पुन्हा उभा करण्यात आला. आज एकविसाव्या शतकातही त्या जागी पंप तयार होत आहेत. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावयाचे? चिकाटी ठेवावी, असा एका शब्दाचा बोध काढून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्यांनी सारे आयुष्य एका धंद्यात झिजविले आणि तरीही ज्यांच्या पदरी अपयशच आले, अशी माणसे आपल्या परिचयात नाहीत काय? त्यांच्यात चिकाटी कमी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणून लक्ष्मणरावांची चिकाटी कोणत्या जातीची होती, हे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, त्यांनी वाट सोडली, दिशा सोडली नाही. रंग दिसत नाहीत हे कळताच त्यांनी चित्रकलेचा हट्ट धरला नाही. जे आपल्या हाती नाही ते सोडून देण्याचे धैर्य आणि जे हाती आहे ते न सोडण्याचा निश्चय, ही दोन्ही एकाच पुरुषाच्या ठायी होती. हट्टी मनुष्य भिंतीवर डोके आपटीत राहतो; चिकाटीचा मनुष्य भिंतीला वळसा घालून जातो, पण जातो त्याच गावाला. दुसरी गोष्ट, प्रत्येक अपयशातून ते काही तरी शिकले. दोन वर्षे नांगर पडून राहिले, त्या दोन वर्षांत शेतकऱ्याचे मन त्यांनी ओळखले. अपयशाने काही शिकविले नाही, तर त्यानंतरची चिकाटी म्हणजे नुसती वाट पाहणे होय. तिसरी गोष्ट अशी, की ते एकटे नव्हते. रामुअण्णांनी पाठ राखली नसती, औंधकरांनी माळ व पैसा दिला नसता, राधाबाईंनी त्या माळावर संसार मांडला नसता, आणि पंचवीस कामगारांनी आपली बायकामुले घेऊन त्यांच्यामागे पाऊल टाकले नसते, तर एकट्या लक्ष्मणरावांच्या निश्चयाने काय साधले असते? शंका घेण्यास जागा आहे.

ही तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिचा संबंध तुमच्या-आमच्याशी आहे. लक्ष्मणराव होणे प्रत्येकाच्या हाती नाही. परंतु रामुअण्णा होणे पुष्कळांच्या हाती आहे. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी नव्या धंद्यात पडली आणि पहिली दोन वर्षे माल खपला नाही, तर आपण तिला काय सांगतो? नोकरी शोध, असेच ना? वास्तविक त्याच वेळी तिला विचारावयास हवे, की या दोन वर्षांत तू काय शिकलीस, आणि आता कोणता दोष दुरुस्त करणार आहेस. उत्तर समाधानकारक असेल तर तिसऱ्या वर्षाचा खर्च घराने सोसावा. नसेल तर प्रेमाने तिला दुसरी वाट दाखवावी. यात आंधळे उत्तेजन नाही आणि घाईचा निवाडाही नाही.

आपले मंडळ दरवर्षी विद्यार्थ्यांना पारितोषिके देते आणि गुणवंतांचा सत्कार करते. हे स्तुत्य आहेच. परंतु सत्कार हा यशाचा होतो, आणि साहाय्याची गरज यश येण्यापूर्वी असते. औंधच्या अधिपतींनी जमीन दिली ती लक्ष्मणराव उद्योगपती झाल्यावर नव्हे. त्यांच्या कारखान्याची जागा जात होती त्या वेळी दिली. आपल्यापैकी ज्यांना परमेश्वराने चार पैसे दिले आहेत, त्यांनी एखाद्या होतकरू तरुणाच्या अशा कठीण वर्षासाठी लहानसा निधी उभारावा, अनुभवी कारखानदारांनी आपली कर्मशाळा त्यास काही दिवस खुली करावी, आणि ते करताना तो आपल्या ज्ञातीचा आहे की नाही याची फारशी चिकित्सा करू नये, अशी आमची नम्र सूचना आहे. लक्ष्मणरावांचे तैलचित्र सभागृहात लावण्यापेक्षा त्यांचे स्मरण या मार्गाने अधिक चांगले होईल.

निवडुंगाच्या माळावर एका मनुष्याने भट्टी पेटविली आणि ती विझू दिली नाही. त्या भट्टीतून निघालेल्या फाळाने महाराष्ट्राची भूमी उलथली, तण उन्हात वाळले आणि नवी माती वर आली. आपल्या मनांच्या भूमीतही भीतीची हरळी खोलवर रुजली आहे. ती उपटण्यास असाच एखादा नांगर हवा, आणि तो चालविणारे हात आपल्याच घरांतून निघावेत, एवढी प्रार्थना करून या कर्मवीराच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो.